कुलपावरचं कुंकू

१

सायकल चोरीला गेली असती तर मंजुषाला एवढी भीती वाटली नसती. चोराला काय हवंय ते निदान कळतं. इथं सायकल जागेवर होती, कुलूप जागेवर होतं, फक्त सायकलीचं तोंड फिरलं होतं.

रोज संध्याकाळी ती पुढचं चाक भिंतीला टेकवायची आणि मागचं चाक जिन्याखालच्या लोखंडी खांबाला जखडायची. आज सकाळी पुढचं चाक रस्त्याकडे होतं. खांब तोच, कुलूप तेच आणि घट्ट बंद. म्हणजे कुणीतरी ते जाडजूड कुलूप उघडलं, सायकल फिरवली, कुलूप पुन्हा लावलं आणि निघून गेलं. काही नेलं नाही, काही मोडलं नाही. मी कधीही येऊ शकतो, एवढं मात्र सांगून गेलं.

मंजुषा जिना चढून वर धावली. एक किल्ली पर्समध्ये होती, खोलीच्या किल्लीच्याच जुडग्यात. दुसरी तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवलेली. कोपरापर्यंत हात घालून तिनं चाचपलं, तीही होती. दोन्ही किल्ल्या घरात आणि कुलूप तर कुणीतरी उघडलेलं! जुडग्यातल्या सायकलीच्या किल्लीची कुणी नक्कल केली असेल, तर त्याच जुडग्यातल्या खोलीच्या किल्लीची का नाही केली? हा विचार डोक्यात आला आणि तिचा हात डब्यातच राहिला.

त्या रात्रीपासून ती दाराला आतून पत्र्याची पेटी लावून झोपू लागली. झोपू लागली म्हणायचं एवढंच. मांजरानं पत्र्यावर उडी मारली तरी उठून बसायची.

२

मंजुषा बीडमध्ये धानोरा रोडला एकटी राहायची, बिभीषणराव नावाच्या घरमालकाच्या वरच्या खोलीत. एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणं हे तिचं काम. म्हातारीकोतारी माणसं तिची वाट बघत, कारण तिच्या हातची सुई टोचलेली कळत नसे.

माहेर लिंबागणेशचं, सासर गेवराईकडचं. सासरी जमीनजुमला, वाळूचे हायवा ट्रक आणि नवरा विजयसिंह, जो बैठकीत आला की सरपंच उठून उभे राहत. मंजुषानं माहेरची सायकल हौसेनं नेली होती, ती त्यानं मळ्यातल्या विहिरीत टाकली. "आमच्या घरच्या बाया सायकल मारत न्हाईत," एवढंच म्हणाला, तेही आवाज न चढवता. आवाज न चढवणाऱ्या माणसाची भीती काय चीज असते, ते मंजुषाला विचारावं. पुढंही बरंच सोसून एक दिवस ती निघाली ती निघालीच. तो शोधत आला नाही, की फोन केला नाही. हेच तिला जास्त खात होतं.

बीडला आल्यावर तिनं पगारातून सायकल घेतली. कुलूप घेतलं वायरचं, स्वस्तातलं. बार्शी नाक्यावर कुणीतरी साध्या पकडीनं ती वायर तोडली आणि सायकल नेली. दुसरी घेतली तेव्हा तिचा थोरला भाऊ तानाजी हटून बसला. "मंजे, या टायमाला कुलूप मी निवडणार."

तानाजीचा छोटा पिकअप होता. बाजाराच्या दिवशी तो भाजीपाला घेऊन बीडला यायचा आणि बहिणीला दूध, भाकरी पोचवून जायचा. माहेरातून तिच्याशी उघड बोलणारा तो एकटाच.

मोंढ्याजवळ राधाकिशनचं सायकलीचं दुकान आहे. राधाकिशन बोलायला लागला की गिऱ्हाईक बसून घेतं. त्यानं आधी साखळी दाखवली, मग जाड केबल दाखवली आणि दोन्ही बाजूला सारल्या. शेवटी एक नालासारखं वाकवलेलं, पोलादी, मांडीवर ठेवलं तर मांडी दुखावी असं कुलूप पुढं ठेवलं.

"हे घ्या. मोठं न्हाई घ्यायचं, लहान घ्यायचं. कावून? तर आत जागा कमी राहिली की चोराला पहार घालायला फट मिळत न्हाई. मागचं चाक आन् सायकलीचा सांगाडा दोन्ही ह्याच्यात आले पायजेत. आन् हलत न्हाई अशा वस्तूलाच लावायचं. न्हाईतर चोर कुलपासकट सायकल खांद्यावर घालतो."

तानाजीनं कुलूप दोन्ही हातांनी ओढून, आपटून पाहिलं. "हे द्या. हे कुणाच्या बापाला तुटायचं न्हाई."

मग दोघं समोरच्या रसवंतीवर बसली. तेवढ्यात मंजुषाला लॅबचा फोन आला. चरकाच्या खडखडाटात ऐकू येईना म्हणून ती लांब जाऊन बोलली. परत आली तोवर तानाजीनं खोका फेकून कुलूप सायकलीला बसवलंही होतं. "ह्या दोन किल्ल्या. एक जवळ ठेव, एक घरात ठेव," तो म्हणाला आणि उसाचा रस तिच्यापुढं सरकवला. किती दिवसांनी तिला निर्धास्त वाटलं.

३

तोंड फिरलं त्याला आठवडा झाला होता. बाजाराचा दिवस होता. मंजुषा मोंढ्यामागच्या गल्लीत एका आजोबांचं रक्त घ्यायला गेली. सायकल विजेच्या खांबाला लावली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. बाहेर आली तर खांब मोकळा.

मग नजर पलीकडे गेली. गल्लीच्या दुसऱ्या बाजूला हातपंप होता आणि त्या हातपंपाला तिची सायकल लावलेली होती. कुलूप नीट बंद. दिवसाढवळ्या, माणसांच्या गर्दीत कुणीतरी तिला दाखवून दिलं होतं, की तू कुठं जातेस ते आम्हाला ठाऊक आहे.

किल्ली दोनदा चुकून मग भोकात गेली. गल्लीच्या तोंडाशी पांढरी, काळ्या काचांची गाडी उभी होती. विजयसिंहाची तशीच होती. तशा गाड्या जिल्ह्यात पोत्यानं आहेत हे तिला कळत होतं, पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तिनं तानाजीला फोन लावला. तो बाजारातच होता, लगोलग आला.

"मंजे, लई झालं आता," त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नोकरी गेली खड्ड्यात. दसऱ्याला पिकअप रिकामा आणतो. सामान भर, घरी चल."

आणि मंजुषानं मान हलवली. या शहरात आपल्या पायावर उभं राहण्यासाठी तिनं जिवाचं रान केलं होतं. माहेरी गेल्यावर चार म्हातारे जमणार, समेट करणार आणि तिची पाठवणी पुन्हा गेवराईला होणार, हेही तिला ठाऊक होतं. तरी तिनं मान हलवली. भीती माणसाला अशीच वाकवते.

घरी परतल्यावर फाटकाशी तिला रडताना समोरच्या घरातल्या वत्सलाबाईंनी पाहिलं. वत्सलाबाई पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून मिश्री लावायच्या आणि गल्लीवर नजर ठेवायच्या. त्यांनी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"काय चोरलं?"

"काहीच नाही, मावशी."

"हां. म्हंजी चोर न्हाई. चोराला सायकल लागती. ह्याला तू भ्यायला पायजेस." त्यांनी पिंक टाकली. "दसऱ्यापस्तोर टाइम हाय. बघू."

४

आधी बिभीषणराव. ते खालीच, आपल्या बुलेटला फडकं मारत उभे होते.

"मला काय इचारता? मी तर त्यांना म्हणलो, जिन्याखाली सायकल नका लावू, माझी बुलेट निघत न्हाई. आन् खरं सांगू का, दिवाळीनंतर पोराचं लगीन हाय, मला खोली लागतीया. त्या गेल्या तर बरंच हाय. पण म्हणून मी काय किल्ल्या करून सायकली फिरवीन का?"

माणूस चिडखोर होता, पण मनातलं तोंडावर बोलणारा. वत्सलाबाई त्याला एवढंच म्हणाल्या, "बघू."

मग त्या मंजुषाला घेऊन राधाकिशनच्या दुकानात गेल्या. कुलूप त्यानं हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"एक ओरखडा न्हाई. हे किल्लीनंच उघडलंय."

"किल्लीची नक्कल?"

"बीडात व्हत न्हाई, बाई. ह्या किल्लीला दात नसतेत, खळगे असतेत. तसली कोरी पट्टीच मिळत न्हाई हितं."

मंजुषाला हायसं वाटलं. म्हणजे जुडग्याची नक्कल कुणी केली नव्हती, खोली तरी शाबूत होती. पण मग कुलूप उघडलं कशानं?

"तिसऱ्या किल्लीनं," राधाकिशन सहज म्हणाला. "किल्ल्यांच्या पाकिटात तीन असतेत की."

"मला दोनच मिळाल्या," मंजुषाचा आवाज चिरकला.

"पाकीट बंद व्हतं. कंपनीचं सील. मी हात लावत न्हाई."

"कुणी फोडलं पाकीट?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"आम्हीच. समोर, रसवंतीवर..." मंजुषा बोलता बोलता थांबली. राधाकिशनच्या डोक्यामागच्या भिंतीवर एक कॅलेंडर लटकत होतं. त्यावर दोन्ही हात जोडून, पांढऱ्या कपड्यांत, गोड हसत उभा होता तिचा नवरा.

५

"आरं, मोंढ्यातल्या निम्म्या दुकानात हाय ते कॅलेंडर! वाटत आलते, खिळा मोकळा व्हता, लावलं," राधाकिशन मागून ओरडत राहिला. मंजुषा केव्हाच रस्त्यावर आली होती.

आता तिच्यापुरतं कोडं सुटलं होतं. दुकानदार नवऱ्याचा माणूस, तिसरी किल्ली नवऱ्याकडे. आज सायकल फिरवली, उद्या ती सायकलवर असताना मागून वाळूचा ट्रक येईल. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं म्हणतात. मंजुषानं ताकाकडे बघणंच सोडलं. नवमीपर्यंत ती लॅबला गेली नाही. डाळ-तांदूळ पोत्यात भरले, भांडी बांधली.

खंडेनवमीच्या सकाळी खालून बिभीषणरावांची आरोळी आली. "अहो मंजुताई! खाली या! आन् आधीच सांगतो, हात लावू नका!"

सायकल पुन्हा फिरली होती. या वेळी तोंड उगवतीकडे होतं. कुलपावर लालभडक काहीतरी लिंपलेलं, हँडलवर पिवळं आणि लाल, दांडीला झेंडूचं फूल अडकवलेलं. पुढच्या चाकाखाली एक लिंबू, मागच्या चाकाखाली एक लिंबू.

"करणी हाय ही," बिभीषणराव दोन पावलं मागं सरकून म्हणाले. "सरळ सरळ करणी. आजच जा तुमी, उद्यापस्तोर थांबू नका. घरात लेकरंबाळं हायेत माझ्या."

मंजुषा जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. विहिरीत पडताना सायकलीचा झालेला आवाज तिला ऐकू येत होता.

६

वत्सलाबाई आल्या, तोंड न धुता. सायकलीभोवती एक फेरी मारली, वाकून लिंबू पाहिलं. मग चक्क हसल्या. मंजुषाला त्या हसण्याचा रागच आला.

"पोरी, करणीचं लिंबू कापलेलं असतं, टाचण्या टोचलेल्या असतेत. हे बघ, साबूत हाय. चाकाखाली कशासाठी ठेवलंय? तर गाडी पुढं गेली की फुटावं आन् इडापिडा जावी म्हणून. आज वार कोणता हाय ते सोड, दिस कोणता हाय?"

"खंडेनवमी."

"मग? आज घराघरात काय करतेत? इळे, कोयते, ट्रॅक्टर, गाड्या धुवून हळद-कुंकू लावतेत. तोंड उगवतीला करून. तुला भ्या दाखवायला जो येतो, त्यानं आज तुझ्या सायकलीची पूजा केली."

बिभीषणराव मागं सरकलेली दोन पावलं पुन्हा पुढं आले.

"आता बघ. हे बिभीषणराव. ह्यांच्या बुलेटवर एक फूल तरी हाय का? न्हाई. चुलता वारला, सुतक हाय. ज्यानं सोताच्या बुलेटला कुंकू लावलं न्हाई, तो तुझ्या सायकलीला कशाला लावंल? राधाकिशनकडं आज सोताच्या दुकानातलं लोखंड पुजायला हात पुरत न्हाईत. इकलेल्या मालाची पूजा करत फिरला तर बीड पुरायचं न्हाई त्याला. ऱ्हायला तुझा नवरा."

मंजुषानं वर पाहिलं.

"त्यानं तुझी सायकल हिरीत टाकली. वैऱ्याच्या हत्याराला कुणी कुंकू लावतं का? पूजा माणूस घरच्याच वस्तूची करतो. ही सायकल ज्याला आपल्या घरातली वाटती, त्यानं हे केलंय. ती फिरवताना त्याला तुला भ्या घालायचं व्हतं. पण खंडेनवमीला घरचं वाहन बिनपूजेचं सोडायला त्याचा हात धजला न्हाई."

"माझ्या घरचं इथं कोण आहे, मावशी?"

वत्सलाबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "सायकल पहिल्यांदा फिरली तो वार कोणता? दुसऱ्यांदा हातपंपाला गेली तो कोणता?"

"बाजाराचा. दोन्ही वेळा."

"आन् रसवंतीवर ते पाकीट कुणी फोडलं, पोरी? नीट आठव. तू व्हतीस का तिथं?"

चरकाचा खडखडाट, कानाला फोन, आणि परत येऊन बघते तर कुलूप बसवलेलं. नवऱ्याच्या भीतीनंही मंजुषा एवढी हादरली नव्हती.

७

दसऱ्याला दुपारी तानाजी पिकअप घेऊन आला. भांडी, गादी, पेटी सगळं भरून झालं. सायकल तेवढी खांबाला होती.

"किल्ल्या हरवल्या, दादा," मंजुषा म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. "दोन्ही."

"ऱ्हाऊ दे मग. घरी गेल्यावर सायकलीचं काय काम?"

"वा रं! नवी कोरी सायकल सोडून जायची व्हय?" वत्सलाबाई पुढं आल्या. "राधाकिशनला बोलावलंय मी. कुलूप कापून घेऊ."

राधाकिशन कुरकुरतच आला. पूजेत मांडलेलं ग्राइंडर उचलायला लावल्याबद्दल त्यानं वत्सलाबाईंना येता येता दहा वेळा ऐकवलं होतं. त्यानं कुलूप ठोकून पाहिलं आणि ठरल्याप्रमाणे मान हलवली. "हे पोलाद आज आवरायचं न्हाई. सायकलीचा दांडाच कापतो, वरून निघंल."

"काप," वत्सलाबाई म्हणाल्या.

ग्राइंडर किंचाळलं. पातं दांड्याच्या अगदी जवळ गेलं. मंजुषा तानाजीकडे बघत होती. तो आधी जमिनीकडे बघत होता, मग कुंकवाकडे, मग त्याचा चेहराच बदलला.

"थांबा!" तो ओरडला. "दसऱ्याच्या दिवशी पूजलेलं लोखंड कापता व्हय? पाप लागंल तिला! तिलाच लागंल!"

ग्राइंडर थांबलं. तानाजीनं सदरा वर करून करदोड्याला बांधलेली किल्ली सोडवली, गुडघ्यावर बसला आणि कुलूप उघडलं. उघडं कुलूप हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. कुंपणच शेत खात होतं आणि कुंपणाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी पेटी लावून झोपत होते, दादा," मंजुषा म्हणाली. "आवाज झाला की मरत होते मी. तुला फोन करत होते. तुला!"

"ठाव हाय," तानाजी म्हणाला. "मंजे, पोळ्याच्या अदुगर दाजी आलते. मांजरसुंब्याला धाब्यावर मला बोलावून घेतलं. चहा पाजला. म्हणले, तुझी बहीण बीडात सायकल मारती म्हणं. आपले हायवा लई जोरात असतेत, डायवर झोपेत असतेत, कुणाला दिसलंच न्हाई तर? एवढंच म्हणले. हसत म्हणले." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "तुला हे सांगितलं असतं तर तू आयकली असतीस का? उलट हट्टाला पेटली असतीस. तू भिऊन आपापली घरी यावीस, एवढंच पायजे व्हतं. म्हणून तर कुलूप घेतलं तवाच तिसरी किल्ली ठेवून घेतली. काल पहाटेच पिकअपची पूजा करून आलतो, ताट गाडीतच व्हतं. वाटलं, ज्याच्यावर बसून ही रस्त्यानं हिंडती, त्याला तरी हळद-कुंकू लागावं."

मंजुषाला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"हे ठाण्यात सांगशील का?" वत्सलाबाईंनी विचारलं.

तानाजी दचकून उभा राहिला. "मी? न्हाई बा. माझी गाडी रोज त्याच हायवेला असती. मला लेकरं हायेत."

८

मंजुषानं त्याच्या हातातून कुलूप घेतलं आणि सायकल बाहेर काढली. इतके दिवस ती अंदाजानं भीत होती. आता भीतीला धाब्याचं ठिकाण होतं, चहा होता, शब्द होते. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त भ्यायला हवं होतं आणि ती तशी भ्यालीही होती. पण माहेरी जाऊन गेवराईच्या गाडीची वाट बघत बसण्याची भीती त्याहून मोठी होती.

"मावशी, ठाण्याला जाते," ती सायकलवर बसत म्हणाली. वत्सलाबाईंनी चपला घातल्या आणि राधाकिशनच्या मोपेडवर मागं बसल्या. तानाजी भरलेल्या पिकअपशेजारी उभा राहिला. त्याच्याकडे तिनं वळून पाहिलं नाही.

रस्ताभर मागून येणाऱ्या प्रत्येक मोठ्या गाडीबरोबर तिचे खांदे आखडत होते. एक गाडी तर कितीतरी वेळ तिच्या मागंच राहिली, पुढंही जाईना.

ठाण्यात सणाची सामसूम होती. टेबलामागच्या साहेबांच्या टोपीजवळ आपट्याची पानं पडली होती. वत्सलाबाईंना बघून ते अर्धे उठले. मंजुषानं सगळं सांगितलं. विजयसिंहाचं नाव आलं तसा साहेबांच्या हातातला पेन थांबला.

"मॅडम, मोठं नाव आहे. तुमच्यासमोर बोलले का ते?"

"नाही."

"मग ऐकीव गोष्टीवर मी काय लिहू? कुणासमोर बोलले, ते कोण आहे?"

मंजुषानं तोंड उघडलं. भावाचं नाव सांगायचं की नाही, हे तिला ठरवता येईना. सांगितलं आणि तो नाही म्हणाला, तर तिला माहेरही राहणार नव्हतं. पंखा तेवढा कुरकुरत होता.

मागं दारात चपला वाजल्या.

"माझ्यासमोर बोलले, साहेब," तानाजी म्हणाला. त्याचा आवाज इतका कापत होता, की साहेबांनी त्याला पुन्हा बोलायला लावलं. तो पुन्हा बोलला.